वाघरीच्या आतला इतिहास

मार्गशीर्षातली संध्याकाळ. विट्याकडून कराडला येताना, सोयाबीन काढून मोकळ्या ठेवलेल्या एका रानात धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे इथे चिरेबंदी वाडा नव्हे. चार-पाच बिऱ्हाडं मिळून मेंढरांमागं चालतात, त्या अख्ख्या तांड्याला धनगर वाडा म्हणतात. घोड्यांच्या पाठीवरचं ओझं खाली आलं होतं, तीन दगडांच्या चुलीवर तवा तापत होता आणि वाटेतच जन्मलेलं एक कोकरू डालग्याखाली झाकलेलं होतं. दोन बाया वाघर लावत होत्या. मेखा ठोकायच्या, त्यांना जाळं ताणून बांधायचं, पुन्हा पुढची मेख. कमरेइतकं उंच जाळं गोल फिरून आलं की आत दीड-दोनशे मेंढरं रात्रभर बसतात. सकाळी रानाला लेंड्यामुताचं खत मिळालेलं असतं आणि वाड्याला धान्य नाहीतर रोख पैसे.

"किती दिवस मुक्काम, मावशी?"

"तीन राती ठरल्यात मालकासंगं."

"मग?"

"मग फुडचं रान."

वाघर हा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही. संस्कृतात वागुरा म्हणजे हरणं धरायचं जाळं; वागुरिक म्हणजे ते लावणारा पारधी. जाळं तेच, काम उलटं झालं. पारध्यानं ते रानातलं जनावर आत अडकावं म्हणून ताणलं. धनगरानं आपलं जनावर आत राहावं आणि लांडगा बाहेर राहावा म्हणून. माणसानं शिकार सोडून जनावरं पाळायला घेतली, या भल्यामोठ्या घटनेची खूण एका शब्दात शिल्लक आहे आणि ती रोज संध्याकाळी मेखांना बांधली जाते.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून एक शिडी उभी असते. तळाला शिकारी, वर गुराखी-मेंढके, त्याच्या वर शेतकरी आणि शेंड्याला शहर. त्या हिशेबानं ही मावशी दुसऱ्या पायरीवरच राहून गेलेली. सरकारी कागदांपासून गावच्या पारापर्यंत धनगराकडे पाहण्याची नजर बहुधा हीच असते. पण सातारा-सांगलीच्या पूर्वेला, माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ती शिडी लावून पाहिली तर टिकत नाही. इथल्या माणसांनी ती चढल्याइतकीच उतरलेलीही आहे, आणि उतरले ते शहाणपणानं.

फार मागून सुरुवात करायची तर कृष्णेच्याच खोऱ्यात खाली, कर्नाटकातल्या हुणसगी भागात इसामपूरला प्रा. के. पद्दय्या यांनी दगडी हत्यारांचा एक कारखानाच उजेडात आणला. चुनखडीच्या शिळा फोडून केलेल्या त्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. इकडे कऱ्हेकाठच्या मोरगावलाही, मोरेश्वराच्या त्याच मोरगावला, हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. ती हत्यारं करणारे आपल्या जातीचे मानव नव्हते. आपल्याआधीच्या अशा माणसाचं भारतातलं ठळक हाड म्हणजे नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी. आपण, म्हणजे शहाणा म्हणवणारा मानव, आफ्रिकेतून निघून इथं पोचलो ते फार उशिरा. खानदेशात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेघा कोरलेला एक तुकडा सापडला, तो साधारण २५ हजार वर्षांचा. महाराष्ट्रात तेव्हा शहामृग पळत होते, एवढं त्यावरून ध्यानात घ्यायचं आणि पुढं सरकायचं.

त्यानंतरची हत्यारं नखाएवढी. गारगोटीची पातळ पाती, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीनं बसवायची. सूक्ष्मास्त्रं. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशानं गणिती, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालून त्यांनी ही पाती गोळा केली. ती कुठंही विखुरलेली नाहीत, ठरावीक वाटांच्या कडेनं मिळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्याच वाटांवर शेंदूर फासलेले म्हसोबा आणि गावाबाहेरच्या देवी. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त त्यांनी मांडलं की पंढरीच्या वारीसारख्या वाटा मुळात अश्मयुगातल्या हंगामी भटकंतीच्या वाटा असाव्यात. हे सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. पण पावसाच्या मागंपुढं चालणारी माणसं आधी आणि गावं नंतर, हा त्यांचा क्रम माणदेशात फिरणाऱ्याला अजिबात अवघड वाटत नाही.

आता मेंढराकडे येऊ. मेंढरू इथलं नाही. बिरोबाच्या नावानं सोडलेला मेंढा माणदेशी मातीतूनच उगवल्यासारखा दिसतो खरा, पण दख्खनमध्ये रानमेंढी कधीच नव्हती. तिचं रान तुर्कस्तान ते इराणच्या डोंगरांचं आणि तिथंच साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती माणसाळली. तिला तेव्हा लोकरही नव्हती. वर राठ केस आणि आत थोडी मऊ लव, तीही दर वर्षी झडणारी. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून लोकरीची मेंढी केली. ते आणखी काही हजार वर्षांनी जमलं. दख्खनी मेंढीची काळी, जाड लोकर, जिचं घोंगडं सणगर मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन कडक करतात, ती अशी दोन मुलखांच्या मेहनतीची आहे.

मेंढरं आली, पण त्यांच्यामागं माणसांचे लोंढेच आले असं समजायचं कारण नाही. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी हरयाणात राखीगढीला उत्खनन केलं, आणि तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडच्या पहिल्या शेतकऱ्यांचा अंश तिच्यात दिसला नाही. सांगाडा एकच, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण जनावर आणि बियाणं हातोहात, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत आलं असण्याची शक्यता त्यामुळे बळावली.

गाईबैलांची गोष्ट वेगळी. वशिंडाची गाय इथलीच, म्हणजे उपखंडातली. बलुचिस्तानात मेहरगढला इ. स. पू. ७००० च्या आसपास माणसं वस्ती करून होती. मेलेल्या माणसाशेजारी पुरलेली करडं तिथल्या दफनांत सापडली. तिथली हाडं रिचर्ड मेडो यांनी तपासली, तेव्हा वरच्या थरात येता येता गुरांची हाडं लहान होत गेलेली दिसली. रानटी गुरं दावणीला आली की पिढ्यांनी अंगानं आटोपशीर होत जातात. मोजपट्टीवर दिसतं ते इतकं साधं आहे. तिथून दक्षिणेकडे गुरं सरकली आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखात इ. स. पू. ३००० नंतर गुराख्यांनी राखेच्या टेकड्या उभ्या केल्या. लोक म्हणत, राक्षसांना जाळलं त्याची ही राख. रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ साली उटनूरची टेकडी खणली, तेव्हा राख निघाली शेणाची. भोवती लाकडी खांब रोवून केलेल्या कोंडवाड्याच्या खुणा होत्या आणि आत, शेणामातीत रुतून टिकलेले गुरांच्या खुरांचे ठसे. तो कोंडवाडा म्हणजे वाघरीची चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. आणि तिथं वाहणारी कृष्णा म्हणजे वाईच्या घाटावरून, कराडच्या प्रीतिसंगमावरून, सांगलीच्या आयर्विन पुलाखालून गेलेलीच कृष्णा.

खुद्द सातारा-सांगलीत या काळाचं फार मोठं उत्खनन झालेलं नाही. त्यामुळे उत्तर शोधायला शेजारच्या खोऱ्यात, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात जावं लागतं. घोड नदीच्या काठी इनामगाव. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं तिथं खणलं, ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची माणसं. एक अख्खं गाव घराघरांतून वाचता यावं असं हे महाराष्ट्रातलं पहिलंच काम.

इ. स. पू. १६०० च्या सुमारास इथं लोक आले. चौकोनी, ऐसपैस घरं, जव, गहू, कडधान्यं. पुढच्या काळात, ज्याला जोर्वे संस्कृती म्हणतात, गाव भरभराटीला आलं. पूर अडवायला बांध, पाणी न्यायला पाट, धान्याचं कोठार आणि कोठाराशेजारी पाच खोल्यांचं घर. ते प्रमुखाचं असावं असं उत्खनकांनी म्हटलं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना मात्र घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेल्यानं चालत कुठं जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, अशी त्यामागची कल्पना असावी, असं उत्खनकांचं मत. एका पुरुषाला मात्र पायांसकट, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेलं सापडलं. पाय राखायचा मान सगळ्यांना नव्हता.

मग इ. स. पू. १००० च्या आसपास काहीतरी बिनसलं. ऐसपैस घरं गेली, लहान गोल खोपटी आली. भांड्यांची कळा उतरली. पी. के. थॉमस यांनी हाडं मोजली तेव्हा गुरांचा वाटा घटलेला आणि शेळ्यामेंढ्या व शिकारीच्या जनावरांचा वाढलेला आढळला. सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. या उतरत्या काळात दातांची कीड कमी झाली होती. धान्य पोटात कमी जाऊ लागलं की दात किडायचं कमी होतं. ढवळीकरांनी या सगळ्याचा अर्थ लावला तो असा: पाऊस रुसला, शेती भागेना, आणि शेतकरी अर्धे भटके मेंढके झाले. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. मेलेल्यांचे पाय तोडून त्यांना घरात ठेवणारी माणसं शेवटी स्वतः चालू लागली.

या मांडणीला विरोध आहे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांची हाडं तपासून २०११ साली पुस्तक लिहिलं. उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटली होती, उपासमार झाली होती, हे त्यांना दिसलं. पण पाऊस आटला म्हणून लोक भटके झाले, हे सरळ गणित त्यांना मान्य नाही. मला ढवळीकरांचा रोख पटतो आणि शुगबाईंची हाडंही खोटी वाटत नाहीत. दुष्काळात मेंढरांमागं निघणं शहाणपणाचं होतं म्हणून ते सुखाचं होतं असं कोण म्हणेल? माणदेशातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ७२ च्या दुष्काळाचं विचारा.

कारण माणदेशात हे गणित दर पिढीला पुन्हा सोडवावं लागतं. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड. तिथं पाचशेच्या आतबाहेर, आणि तोही लहरीनं. एकाच जिल्ह्यात पावसाचे दोन मुलूख. मेंढराला ओल सोसत नाही, खुरं सडतात. त्याला कोरडं, खुरटं गवताळ रान हवं. म्हैस घाटातल्या पावसात खुशाल. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर, कोयना-चांदोलीच्या रानात गवळी धनगर म्हशी घेऊन राहिले, आणि पूर्वेच्या माळावर हटकर व खुटेकर धनगर मेंढ्या घेऊन. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास हेच नीट मांडलं: एकमेकांच्या चाऱ्यावर न जाता प्रत्येकानं आपापलं रान धरलंय. ज्याला आपण एका शब्दात धनगर म्हणून मोकळे होतो, त्यात आपापसातच सोयरीक करणारे वीसहून अधिक समाज आहेत, हेही मल्होत्रांनीच दाखवलं.

पावसाळा मेंढरांनी घरच्या माळावर काढायचा. दसरा-दिवाळी झाली, माळ सुकला, की पश्चिमेला-दक्षिणेला, कृष्णा-वारणेच्या पाणभरत्या रानांत उतरायचं आणि मिरगाच्या आधी परतायचं. शेतकऱ्याचं रान तेव्हा रिकामं होतं, खत हवं असतं. धनगराला चारा हवा असतो. हा करार कागदावर कधीच नव्हता. हल्ली बारमाही ऊस आला, कॅनॉल आले, रिकामं रानच उरेना. मावशीच्या "फुडचं रान"मधलं अंतर दरसाल वाढतंय.

माणसांबरोबर देवही चालले. आरेवाडीचा बिरोबा, म्हसवडचा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ. पुण्यात येऊन मराठी शिकलेले जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या टेपवर उतरवल्या, वाड्यांबरोबर हिंडले आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबांवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. देव एका जागी प्रकटत नाही, मेंढका निघाला की त्याच्या मागं येतो आणि वारुळापाशी, कोरड्या माळावर मुक्काम करतो, असं या कथांत पुन्हा पुन्हा येतं. खंडोबाच्या दोन बायकांकडे बघा: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. पेठ आणि माळ एकाच देव्हाऱ्यात. गावोगावच्या वीरगळांवरही हीच ओढाताण कोरलेली आहे: खाली गुरांची रांग, मध्ये लढाई, वर स्वर्गात गेलेला वीर. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्या माणसाचा तो दगड. आता कुठं कुठं त्यावर कपडे धुतात.

खिल्लार बैलही याच वाटेचा. मराठीत खिल्लार म्हणजे मुळात गुरांचा कळप. कळपाचं नाव जातीला पडलं, आणि तो राखणारे थिलारी. लांब, मागं झुकत वर गेलेली शिंगं, तंग कातडी, तापट डोकं. म्हैसूरकडच्या हळ्ळीकाराशी त्याचं नातं जाणकार सांगतात, आणि शिंगं पाहिली की पटतं. राखेच्या टेकड्यांचा मुलूख त्याच बाजूला. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रेत पूर्वी याच बैलांनी माळ पांढरा व्हायचा. ट्रॅक्टर आला आणि माळ मोकळा झाला. मेंढराचं मात्र उलट. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं दिला नाही, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. दुसऱ्या पायरीवर राहून गेलेल्याचा हा भाव.

आटपाडी तालुक्यातल्याच माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' लिहिली. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर नेमलेला पोरसवदा मास्तर, त्यानं जीव लावलेलं गाव, आणि शेवटी दुष्काळानं रिकामी होत गेलेली वस्ती. इनामगावचं उत्खनन त्यानंतर तेरा वर्षांनी सुरू झालं. मला दोन्हींतलं शेवटचं पान एकाच हातानं लिहिल्यासारखं वाटतं.

इनामगावसारखी गावं माण, येरळा, अग्रणीच्या काठी नसतीलच असं नाही. जुन्या गावठाणाची भुरकट, राखट माती, जिला आपण पांढर म्हणतो, ती चांगलं खत म्हणून ट्रॉली भरभरून शेतात जाते, आणि तिच्याबरोबर सगळा पुरावाही. तेव्हा पांढर उकरताना लाल अंगावर काळ्या रेघा असलेलं, तोटीचं किंवा बाकदार कडेचं खापर हाती लागलं, तर त्याला टिचकी मारून पाहा. जोर्व्याचं असेल तर धातूसारखं खणकन वाजेल. वाजलं तर ट्रॉली थांबवा, जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. खापर धुऊ नका.